हेडफोनच्या एका बाजूला आवाज कमी येतोय? व्हॉल्यूम वाढवण्याआधी दोष शोधा

एका कानात गाणं मस्त वाजतंय आणि दुसऱ्या कानात दबल्यासारखं येतंय, असं झालं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर व्हॉल्यूम वाढवतात, नाहीतर सरळ एम. जी. रोड गाठून नवीन हेडफोन घेतात. दोन्ही करण्याआधी पाच मिनिटं थांबा. दोष तीन ठिकाणी असू शकतो: फोनमध्ये, हेडफोनमध्ये किंवा तुमच्या कानात. तिसरी शक्यता सहसा कोणी धरतच नाही, म्हणून तीही तपासू.

व्हॉल्यूम वाढवला तर काय बिघडतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात.

आता समजा तुमच्या हेडफोनची डावी बाजू १० डेसिबलने कमी वाजतेय. ती बरोबर वाटेपर्यंत तुम्ही आवाज वाढवला, तर उजव्या कानात ८० च्या जागी ९० डेसिबल जातात. बिघाड डाव्या बाजूला, पण ४० तासांचे ४ तास झाले ते चांगल्या कानाचे. म्हणून चाचणी करतानासुद्धा व्हॉल्यूम निम्म्याच्या खालीच ठेवा.

पायरी १: फोन दोन्हीकडे सारखा आवाज पाठवतोय का?

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा. सॅमसंगमध्ये पुढे 'हिअरिंग एन्हान्समेंट्स', आयफोनमध्ये 'ऑडिओ अँड व्हिज्युअल', आणि इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'ऑडिओ' असा शब्द असलेला पर्याय असतो. सापडला नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'मोनो' टाइप करा. तिथे दोन गोष्टी करा:

- लेफ्ट-राइट बॅलन्सचा स्लायडर बरोबर मध्यावर आणा. चुकून बोट लागून तो सरकलेला असू शकतो.
- मोनो ऑडिओ चालू करा.

मोनो का? स्टिरिओ गाण्यात काही वाद्यं मुद्दाम एका बाजूला ठेवलेली असतात. १९६० च्या दशकातल्या काही इंग्रजी स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये तर गायकाचा आवाज पूर्ण एकाच बाजूला आहे. मोनो चालू केलं की फोन दोन्ही बाजूंना एकच सिग्नल पाठवतो. आता फरक गेला, तर दोष सेटिंगचा किंवा त्या गाण्याचा होता. फरक राहिला तर पुढे चला.

पायरी २: बाजू बदला

मोनो चालूच ठेवा. डावा पीस उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घाला. मोठा हेडफोन असेल तर उलटा घाला. इअरबड्स नीट बसत नसतील तर दोन्ही हाताने हलके धरा.

- कमी आवाज पीसबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष हेडफोनचा आहे. वायरचा असेल तर फोनच्या पोर्टचाही असू शकतो.
- कमी आवाज त्याच कानात राहिला, तर हेडफोन ठीक आहे. प्रश्न कानाचा आहे.

पायरी ३: दुसऱ्या फोनला लावा

वायरच्या हेडफोनसाठी हे कराच. दुसऱ्या फोनवर नीट वाजला, तर तुमच्या फोनचं पोर्ट बघा. खिशातला कापूस आणि धूळ पोर्टच्या तळाशी दाबून बसते आणि जॅक पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई किंवा पिन वापरू नका.

दोष हेडफोनचा असेल तर

*जाळी:* इन-इअर आणि टीडब्ल्यूएसमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. कानातला मळ जाळीवर बसतो आणि आवाज दबतो. रबरी टिप काढा, जाळी जमिनीकडे धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हळूच घासा. जाळी वर धरून घासलीत तर मळ आत जाईल. पाणी नको, टाचणी नको. दोन्ही टिप एकाच साइजच्या आहेत ना, तेही बघा. टिप सैल असली की आधी बेस जातो.

*वायर:* जॅकजवळची वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो, तर आतली तार तुटत आलीय. गायकाचा आवाज गायब आणि मागचं संगीत पोकळ वाजतंय, तर ग्राउंडची तार तुटलीय किंवा जॅक अर्धवट बसलाय. चांगला हेडफोन असेल तर नवीन जॅक जोडून घ्या, स्वस्त असेल तर बदला.

*टीडब्ल्यूएस:* दोन्ही बड्सना वेगवेगळी बॅटरी असते. आधी केसमधल्या आणि बडवरच्या चार्जिंग पिना कोरड्या कापडाने पुसा. मग ब्लूटूथ यादीतून डिव्हाइस 'फरगेट' करा, मॅन्युअलप्रमाणे रीसेट करा आणि पुन्हा जोडा. फरक पडला नाही आणि वॉरंटी असेल, तर स्वतः उघडू नका.

प्रश्न कानाचा असेल तर

बऱ्याचदा नुसता मळ असतो. तो कॉटन बडने काढायला गेलात तर आणखी आत ढकलला जातो. गरम तेल आणि रस्त्यावर कान साफ करणारे, दोन्ही टाळा. कान-नाक-घसा तज्ज्ञ काही मिनिटांत साफ करून देतात.

नाशिककरांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे ढोल पथकात वाजवणारे खूप जण आहेत. तासन्‌तास ढोल-ताशाच्या मध्ये उभं राहिल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. हा कानाने दिलेला इशारा आहे. सरावाला आणि मिरवणुकीला इअरप्लग घाला आणि त्या रात्री हेडफोनला सुट्टी द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: एका कानाने अचानक, म्हणजे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं, तर वाट बघू नका. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत चक्कर किंवा कानात आवाज असेल तर नक्कीच. अशा अचानक येणाऱ्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. खासगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटल आहे.

बॅलन्स स्लायडर हा इलाज नाही

अँड्रॉइडमध्ये हा स्लायडर सरकवला की साधारणपणे दुसऱ्या बाजूचा आवाज कमी होतो, कमजोर बाजू वाढत नाही. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात आणि जाळीतला मळ किंवा कानाचा त्रास तसाच राहतो. त्यामुळे तो शेवटी, कारण कळल्यावरच वापरा. आणि चाचणी झाली की मोनो बंद करायला विसरू नका, नाहीतर स्टिरिओची मजा जाईल.