काळजीवरचा उपाय तळ्यापलीकडे

मंडळाच्या कार्यक्रमात "काय, कसं चाललंय?" या प्रश्नाला एकच उत्तर मिळते: "मजेत!" आणि 'मजेत' म्हणणारे तेच गृहस्थ रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेले असतात. नोकरी गेली तर एच-वन व्हिसावर फार तर ६० दिवसांची मुदत. भारतातून अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होते. इकडे मुलगी खोलीचे दार लावून बसलेली. चार माणसांत हे बोलायचे कसे, म्हणून आपण काळजी गिळतो. मग ती पित्त, डोकेदुखी, पाठदुखी होऊन बाहेर पडते.

श्रूजबरीकरांना या दुखण्यावरचा एक उपाय फार लांब शोधावा लागत नाही. रूट ९ वरून क्विन्सिगमंड तळ्याचा पूल ओलांडला की वूस्टर लागते. तिथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी ताण कमी करण्यासाठी एक क्लिनिक सुरू केले. ते मूळचे जीवशास्त्राचे संशोधक. नेहमीच्या औषधोपचारांनी ज्यांना पुरेसा आराम पडत नव्हता, असे जुनाट दुखण्याचे रुग्ण डॉक्टर त्यांच्याकडे पाठवू लागले. पुढे या कामाचे केंद्र बरीच वर्षे श्रूजबरीतच, मेपल अव्हेन्यूवर होते.

या पद्धतीला 'एमबीएसआर' म्हणतात. नाव परके असले तरी तिचे मूळ आपल्या ओळखीचे आहे: विपश्यना आणि हठयोग. इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आलेले कोणी ना कोणी आपल्या नात्यात असतेच. इथला अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. आठवड्याला एक वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा आणि रोज घरी सुमारे ४५ मिनिटे सराव. श्वासाकडे लक्ष देणे, पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे मन नेणे, सोपी योगासने, एवढेच!

याने व्हिसाची तारीख पुढे जात नाही. मात्र "नोकरी जाईल, घर विकावे लागेल, लोक काय म्हणतील" अशी विचारांची आगगाडी सुटली, की हे अजून घडलेले नाही, नुसते विचार आहेत, हे वेळीच लक्षात येऊ लागते.

अनुभवाला चाचणीचाही आधार आहे. २०२२ साली 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात चिंताविकाराच्या २७६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना एस्सिटॅलोप्रॅम हे औषध दिले, काहींना हा अभ्यासक्रम. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला होता. याचा अर्थ चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद कराव्यात असा मुळीच नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातले लक्ष उडाले असेल, तर "मन घट्ट कर" म्हणून भागत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता खर्चाचे. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाच्या काही भेटी फुकट देतात. या सोयीला 'ईएपी' म्हणतात. तिथले बोलणे गोपनीय असते, साहेबाच्या कानावर जात नाही. विमा वापरणार असाल तर समुपदेशक नेटवर्कमधला आहे ना आणि को-पे किती, हे आधी विचारा. वरील वर्गाची फी विमा देईलच असे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या २०२२ च्या कायद्यानुसार वर्षातून एक मानसिक आरोग्य तपासणी विनाखर्च मिळते. मात्र काही मोठ्या कंपन्या विम्याचा खर्च स्वतःच उचलतात, त्यांना हा राज्याचा कायदा लागू होत नाही.

कुठे जावे कळत नसेल तर राज्याची मदतवाहिनी आहे: ८३३-७७३-२४४५. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, विमा नसला तरी चालते आणि दुभाषा मागता येतो. जीव नकोसा वाटू लागला, तर वाट न पाहता ९८८ फिरवा. महाराष्ट्रातल्या आईवडिलांना 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक कळवून ठेवा. तिथे मराठीतून बोलता येते.

हे नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा. आणि पुढच्या कार्यक्रमात कोणी "मजेत" म्हणाले, तर जरा बाजूला घेऊन विचारा, "आणि झोप लागते ना?"