यादीची सुरुवात सॉकेटपासून

घरी पहिला कम्प्युटर स्वतः जोडायचा ठरला की मुलं यादी करायला बसतात. यादीत पहिलं नाव ग्राफिक्स कार्डाचं, दुसरं प्रोसेसरचं आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस. ही यादी व्हिडिओ बघून केलेली असते. व्हिडिओवाल्याच्या खोलीत एसी असतो, लाइट सहसा जात नाही आणि खिडकीतून तुरीचा भुसा येत नाही. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून माझं म्हणणं असं, की यादी उलटी करा. आधी वीज, मग हवा, मग वेग आणि शेवटी दुकान.

भालकीच्या ताईच्या मुलाने मागच्या महिन्यात मला अशीच यादी पाठवली. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुरीची पट्टी आल्यावर दाजींनी त्याच्यासाठी साठ हजार बाजूला काढले होते. मॉनिटर, यूपीएस सगळं धरून साठ हजार. त्याच्या यादीत यूपीएस नव्हताच. दाजींनी मला एकच विचारलं, "हे चार वर्षं टिकेल का? पुढच्या वर्षी पुन्हा पैसे निघणार नाहीत." प्रश्न बरोबर होता. पुढचं सगळं त्याचंच उत्तर आहे.

त्याआधी दाजींची दुसरी शंका. "लॅपटॉपच घेऊ की, लाइट गेली तरी चालतो." मूल हॉस्टेलवर राहणार असेल तर लॅपटॉपच घ्यावा, त्यात वाद नाही. पण भाचा रोज भालकीहून बिदरला जाऊन-येऊन शिकतो आणि त्याची बहीण बारावीला आहे. मशीन दोघांनी वापरायचं, घरीच वापरायचं. शिवाय डेस्कटॉपचा एक भाग गेला तर तेवढाच बदलतो. लॅपटॉपमध्ये बऱ्याच गोष्टी मुख्य बोर्डावरच डकवलेल्या असतात.

आधी वीज

भिंतीतून २३० व्होल्टची एसी वीज येते. कम्प्युटरच्या आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी लागते. हा बदल एसएमपीएस करतो, म्हणजे प्रत्येक भागापर्यंत पोचणारी वीज त्याच्यातून जाते. निकृष्ट एसएमपीएस जळताना कधीकधी मदरबोर्ड आणि एसएसडीलाही सोबत नेतो. म्हणून माझ्या यादीत तो पहिला.

भाच्याचं मशीन पूर्ण ताणात दीडशे वॉटच्या आतच खातं. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी आकडा साडेतीनशेच्या आत राहील. म्हणून ५५० वॉटचा पुरे. त्यावर '८० प्लस ब्राँझ' ही खूण असावी. अर्ध्या भाराला हा साधारण ८५ टक्के कार्यक्षमतेने चालतो, बाकीची वीज उष्णता होऊन जाते. लेबलवर इनपुट '१००-२४०' असं लिहिलेलं असेल तर उत्तम. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारी चालू झाल्या की गावात दिवे पिवळे पडतात. तेव्हा हा आकडा कामाला येतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र दुकानातच ठेवून यावा.

आता यूपीएस. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला? कारण चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एवढ्या वेळात इन्व्हर्टरने भार उचलला नाही तर मशीन बंद पडतं आणि लिहिलेला प्रोग्रॅम जातो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं. ते यूपीएस मोडवर ठेवलं तर तो लवकर बदलतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि या मोडवर मशीन बंद पडत नसेल तर वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचले. ताईकडचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. तो सुमारे ३६० वॉट देतो. लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं. त्यावर अभ्यास पुढे चालू ठेवायचा नाही.

तिसरी गोष्ट यादीत कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की लोक चप्पल घालून कम्प्युटरवर बसतात. त्याचं कारण साधं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी कमी असतो, पण केबल लावता-काढता पोर्ट खराब व्हायला तो पुरतो.

वायरमनला मीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडून देत असेल तर ठाम नाही म्हणा. पुढे न्यूट्रल तुटली तर थेट फेज कॅबिनेटवर येतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. मार्चपासून अधूनमधून त्यात पाणी घालावं. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढायचा, आणि सोबत इंटरनेटची केबलही काढायची. वीज त्या वाटेनेही येते.

मग हवा

कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. व्हिडिओत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर दिसला, तर मे महिन्यात कलबुर्गीच्या ४० अंशांच्या खोलीत तोच ८५ च्या आसपास जाणार. बिदर उंचावर आहे, तिथे थोडं बरं असतं, एवढंच. ५६००जी या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, पण ज्या वेगाचे पैसे दिले तो मिळत नाही. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचंही असंच आहे. तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर त्यांचं आयुष्य दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब इंजिनिअर धरतात.

म्हणून कॅबिनेट निवडताना पुढून काच नको, जाळी हवी. भाच्याच्या यादीत पुढून पूर्ण काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट होतं. दिव्यांना माझी हरकत नव्हती, काचेला होती. शेवटी जाळीचंच, पण दिव्यांचं मिळालं आणि दोघांचंही समाधान झालं. पुढे आत हवा घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. असं केलं की आत हवेचा दाब थोडा जास्त राहतो आणि धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते. जाळी काढून धुता आली पाहिजे. तुरीची रास चालू असताना दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा धुवायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

मशीन फरशीवर नको, निदान वीतभर उंचावर हवं. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. कूलरची ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर गिलावा चढतो.

मग वेग

आता प्रोसेसर. भाच्याचं काम प्रोग्रॅमिंगचं, बहिणीचं बारावीच्या व्हिडिओंचं, आणि रात्री थोडा गेम. यासाठी रायझन ५ ५६००जी ठरला. सहा कोअर, बारा थ्रेड, खोक्यातच पंखा आणि ग्राफिक्स आतच. नावातल्या अक्षराकडे नीट लक्ष द्या. एएमडीचा 'जी' म्हणजे आत ग्राफिक्स आहे. इंटेलचा 'एफ' म्हणजे नाही. आय५-१२४०० घेतला तर वेगळ्या कार्डाशिवाय चित्र दिसतं, १२४००एफ घेतला तर दिसत नाही. दुकानदार 'एफ' स्वस्त म्हणून देतो आणि मग कार्ड घ्यावंच लागतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं नाही, यावर भाचा दोन दिवस रुसला. त्याचं म्हणणं, "मामा, मशीन लर्निंगला कार्ड लागतं." लागतं, पण शिकण्यापुरतं गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ फुकट मिळतं. पुढे गरज पक्की झाली तर बोर्डावर जागा आहे आणि एसएमपीएसमध्ये ताकद आहे. त्या दिवशी फक्त कार्ड आणायचं. मूळ यादीतला एसएमपीएस घेतला असता तर तोही बदलावा लागला असता.

रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या. दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. ग्राफिक्स आतलं असताना हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते याच रॅमवर जगतं. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या बोर्डात बसत नाही, हेही तपासून घ्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. जगभर एआयची डेटा सेंटर्स मेमरी उचलत आहेत आणि त्याची झळ भालकीपर्यंत पोचली आहे. म्हणून मी इथे भाव देत नाही, ते ज्या त्या दिवशी विचारावेत. आत्ता १६ जीबी परवडत नसेल तर ८ ची एक पट्टी घ्या आणि दुसरीची जागा असलेला बोर्ड घ्या. एसएमपीएस स्वस्तातला घेऊन रॅमचे पैसे काढू नका.

डिस्क म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशे आणि साधी एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे.

कुणी जुनं, कंपनीतून निघालेलं मशीन स्वस्तात देत असेल तर आधी त्याची पिढी विचारा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर लिनक्स छान चालतं, पण ते ठरवून घ्यावं.

कीबोर्ड साधाच. पण मुलांना इनस्क्रिप्ट शिकवा. त्यात सगळ्या भारतीय भाषांची अक्षरं त्याच कळांवर असतात. मराठीचा 'क' जिथे, तिथेच कन्नडचा 'क'. घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या आपल्या मुलांना एकदा शिकून दोन भाषा मिळतात.

शेवटी दुकान

बिदरकरांना सिकंदराबादचं पार्कलेनवरचं चिनॉय ट्रेड सेंटर जवळ पडतं. सुट्या भागांची दुकानं तिथे एकाला लागून एक आहेत, त्यामुळे भाव पडताळता येतो. तरी सगळं तिथूनच आणू नका. माझी वाटणी अशी: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी सिकंदराबादहून, यूपीएस आणि मॉनिटर गावातून किंवा बिदरहून. हे दोन्ही जड आणि नाजूक. यूपीएसची बॅटरी तर दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. दोनशे-चारशे जास्त गेले तरी दुकानदार ओळखीचा राहतो.

बिल पक्कंच घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य हमखास ऐकू येतं. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुमच्या हातात काहीच नसतं. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा. सुटा, ट्रेमधला स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची वॉरंटी नसते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, खोक्यांचे फोटो काढा आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत जोडून बघा, म्हणजे खराब निघालेला भाग बदलून घ्यायची मुदत हातची जात नाही.

ताईकडे वायरमन येऊन गेला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटरवर अठरा व्होल्ट निघाले. खड्डा नव्याने खोदून मीठ-कोळसा भरला, तार बदलली आणि आकडा दोनच्या खाली आला. हा खर्च दाजींनी कम्प्युटरच्या पैशांतून काढू दिला नाही. "ते घराचं काम आहे," म्हणाले. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने भाचा आणि दाजी सिकंदराबादला जात आहेत. यादी भाच्यानेच पुन्हा लिहिली आहे, आणि तिच्यात पहिल्या ओळीवर एसएमपीएस आहे.