बरें दिसणें आणि बरें होणें

कल्याण-डोंबिवलीकडील एखाद्या घरांत मुलाला वरचेवर ताप येतो, तें फिकट पडतें, अंगावर निळसर डाग उमटतात. आणि १९४१ सालीं सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगाचें निदान होतें. सर्व संपलें, असें आईबापांस त्या घटकेस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तें आतां खरें नाहीं.

१९४८ सालीं बोस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर यांनीं औषधाच्या योगानें मुलांतील हा रोग मागें हटवून दाखविला. तें औषध सिद्ध करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख आंध्रांत जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होत. रोगाची ती माघार मात्र कांहीं महिन्यांचीच ठरे. आज अनेक औषधें क्रमानें देतात, व प्रगत देशांत या रोगाच्या मुख्य प्रकारांतून १० पैकीं ८ हून अधिक मुलें वांचतात. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन हें औषध तर आपल्या अंगणांतल्या सदाफुलीचें देणें आहे!

येथें श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. पहिल्या सुमारें ४ आठवड्यांत बहुतेक मुलांच्या रक्तांतील रोगट पेशी दिसेनाशा होतात, मूल खेळूं लागतें, आणि शेजारीपाजारी विचारतात, "आतां कशाला हवीं तीं जहाल औषधें?" परंतु सूक्ष्मदर्शकास न दिसणारी पेशी नाहींशी झालेली नसते. तेथेंच उपचार सोडल्यास रोग बहुधा उलटतो. म्हणून दोन-अडीच वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ, उपचार चालतात: आरंभीं पाठीच्या कण्यांतील सुई, केस गळणें, तोंड येणें, पुढें रोज घरीं एक औषध, आठवड्यास दुसरें, व ठरल्या दिवशीं रक्ततपासणी. आशेची खरी कसोटी या कंटाळवाण्या काळांत लागते.

कल्याणहून परळ सुमारें ४५ किलोमीटर. लोकलगाडींत अपंगांच्या डब्यांत कर्करोग्यांस मुभा आहे. तरी पांढऱ्या पेशी घटल्या असतां गर्दी टाळावी लागतेच. रात्रीं ताप आल्यास सकाळची वाट पाहणें जिवावर बेतूं शकतें. बापाचे खाडे पडतात, धाकटें भावंड आजीकडे राहतें. तें का, हें त्याला कोणी समजावून सांगत नाहीं, आणि तें सांगावयास हवें.

शेवटची मात्रा संपते त्या दिवशीं आनंदासवें भीतिही घरांत येते, कारण औषधाचा आधार सुटलेला असतो. तपासण्या पुढें कांहीं वर्षें चालूच राहतात. मूल मात्र बहुधा त्यापूर्वींच शाळेंत जाऊं लागलेलें असतें.