डेटा रिकव्हरी : कसब मोठे, भरवसा थोडा

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढे सापडलेल्या अवशेषांत एक पार होरपळलेली हार्ड डिस्क होती. झेनॉन वायूच्या श्यानतेवर यानात झालेल्या प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्या तबकड्या काढून रसायनाने धुतल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के डेटा परत मिळवला. 2008 मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डेटा रिकव्हरीचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास सांगितली जाते आणि ऐकणारा सोयीचा अर्थ काढतो : आकाशातून पडलेली डिस्क वाचते, तर टेबलावरून पडलेली का वाचणार नाही? मला वाटते, या गोष्टीतला धडा नेमका उलटा आहे.

ती डिस्क का वाचली, हे आधी पाहायला हवे. सील वितळून आत धूळ शिरली होती, तबकड्यांना इजाही झाली होती. पण डिस्क जेमतेम निम्मी भरलेली होती आणि इजा झालेल्या भागात काही लिहिलेले नव्हते. डॉस प्रणालीमुळे नोंदीही इतस्ततः विखुरलेल्या नव्हत्या. कौशल्य होतेच, पण त्याला दैवाची साथ मिळाली. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्क याच तंत्रज्ञांकडे आल्या होत्या. त्यांतून काहीही निघाले नाही. शिवाय ती जुन्या जमान्यातली, 500 मेगाबाइटहूनही कमी क्षमतेची डिस्क होती. आजच्या 20 टेराबाइटच्या डिस्कमध्ये तिच्या 40 हजार पटींहून जास्त माहिती असते. माहिती जितकी दाटीने लिहिलेली, तितके एकेका ओरखड्यात जास्त बुडते.

या कारागिरीला कमी लेखण्याचा हेतू नाही. चालू डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे हेड मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते. तेवढ्या फटीत धुळीचा कणही मावत नाही, म्हणून डिस्क उघडायची ती क्लीन रूममध्ये किंवा गाळलेल्या हवेच्या बाकावरच. निकामी हेड बदलायचे तर त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच सुमारास बनलेली ‘डोनर’ डिस्क शोधावी लागते. तिची हेडे काढताना ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक फणी सरकवतात. नुसते सर्किट बोर्ड बदलूनही बहुधा भागत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कपुरती जुळवलेली मापे जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो. एवढे करून डिस्क फिरू लागली तरी फायली थेट उघडत नाहीत. आधी सेक्टरमागून सेक्टर उचलून दुसऱ्या डिस्कवर तिची इमेज घेतात; सोपा भाग आधी, अडणारा भाग शेवटी, कारण उसने हेड किती वेळ टिकेल याचा नेम नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की, डिस्क जाण्याआधी कुरकुरते, तेव्हा सावध झाले की पुरे. गूगलने 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यातल्या चार सर्वांत बोलक्या खुणांपैकी एकही खूण निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये उमटलेली नव्हती. दुसरा आक्षेप एसएसडीचा. तिच्यात फिरणारे काही नसते हे खरे, पण फाइल पुसली की ट्रिम नावाची सोय ती जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवते, आणि मग आतला मजकूर सहसा परत मिळत नाही. त्यात डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि किल्ली हरवलेली असेल, तर कुशल कारागीरही हात टेकतो.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ‘आमचा बॅकअप आहे.’ 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या व्यवस्था एक नव्हे, अनेक होत्या. पण रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने होतच नव्हता आणि तसे कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. त्या सहा तासांतला डेटा गेलाच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचे दोन्ही गेले. अनेक डिस्क जोडून केलेल्या ‘रेड’ रचनेमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, पण चुकून पुसलेली फाइल तिथे सगळीकडूनच पुसली जाते. नुसते सिंक होणारे फोल्डरही तसेच. तेव्हा बॅकअप आहे की नाही, याचे उत्तर तो रिस्टोअर करून पाहिल्यावरच देता येते.

मग साध्या घराने किंवा दुकानाने एवढा खटाटोप करावा का? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम अवघड नाही : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. लग्नाचे फोटो असोत की टॅलीचा हिशेब, एक बाहेरची डिस्क आणि एक क्लाउड खाते यांत बहुतेकांचे काम भागते. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, म्हणजे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रिकव्हरीच्या भरवशावर राहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे; पाणी लागेलही, पण किती खोल आणि किती खर्चात, हे आधी कोणी सांगू शकत नाही. डिस्क टकटक वाजू लागली तर ती ताबडतोब बंद करावी, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. आणि ती वेळ येण्याआधी, याच आठवड्यात, आपल्या बॅकअपमधली कोणतीही एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. ती उघडली नाही, तर आपल्याकडे बॅकअप नाही असेच समजावे.