बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च कमी कसा कराल?

पैसे संपले म्हणून गोळ्या बंद केल्या, किंवा एक गोळी अर्धी-अर्धी करून दोन दिवस पुरवली, असे सांगणारे अनेक रुग्ण आम्हा डॉक्टरांकडे येतात. रक्तदाब वाढला तरी बऱ्याचदा काहीच त्रास जाणवत नाही. पण औषध सुटले की लकवा, हृदयविकार आणि किडनी खराब होण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळ्या कमी करू नका, त्यांचा खर्च कमी करा.

१. औषधाचे मूळ नाव लिहून घ्या
एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी आणि किमतींना विकतात. चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असे मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते ठळक अक्षरांत लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. हे मागण्यात संकोच नको.

२. जनऔषधी केंद्रात विचारा
केंद्र सरकारची ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. इथे औषधे मूळ नावाने मिळतात आणि ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. जवळचे केंद्र आणि किंमत ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर पाहता येते.

३. सरकारी दवाखान्यात जा
सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरची औषधे तिथे मागा. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तिथे शुल्क आधी विचारून घ्या.

४. ऊसतोडीला जाण्यापूर्वी
दिवाळीच्या सुमारास फडावर निघालात की पाच-सहा महिने गाव सुटते, आणि नेमक्या याच काळात गोळ्या तुटतात. निघण्यापूर्वी बीपी-शुगर तपासा. शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या सोबत घ्या. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि कागद आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती चिठ्ठी दाखवा. महाराष्ट्रात दुसऱ्या जिल्ह्यातही मोफत उपचार मिळतात.

५. महात्मा फुले योजना कुठे उपयोगी?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात भरती झाल्यावर वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च यातून मिळत नाही. त्यासाठी वरचेच मार्ग वापरा.

हे लक्षात ठेवा
• फिट्स, थायरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.
• नवीन पाकिटावरचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मुदत जुन्या पाकिटाशी जुळवून पाहा. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.
• जुन्या आणि नव्या पाकिटातली एकच गोळी दोनदा घेतली जात नाही ना, ते तपासा.
• छापील एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, आणि बिल घ्या.

गोळ्या परवडत नसतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. बऱ्याचदा तितकेच गुणकारी, स्वस्त औषध लिहून देता येते.