खोड्यांवरचा उतारा

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतील मुले भुते, चेटकिणी किंवा सुपरहीरो होऊन दारोदार फिरतात आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत कँडी गोळा करतात. हॅलोविनची ही रीत पूर्वापार चालत आली असावी, असा समज असतो. तो निम्माच खरा आहे. सणाची मुळे जुनी आहेत, पण शेजारपाजाऱ्यांनी एकत्र येऊन मुलांसाठी साजरा करायचे त्याचे रूप जेमतेम शंभर वर्षांचे आहे. आणि ते परंपरेच्या ओढीतून नव्हे, तर पोरांच्या खोड्यांना वैतागलेल्या मोठ्यांच्या डोक्यातून निघाले.

आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक लोक सुगीच्या अखेरीस ‘साविन’ पाळत. पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि त्याच्या आदल्या रात्रीला हॅलोविन हे नाव पडले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेत आली, तेव्हा हे सगळे त्यांच्याबरोबर आले. मायदेशी ती सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत तांबडा भोपळा मुबलक मिळत होता आणि कोरायलाही सोपा होता, म्हणून सलगम मागे पडला.

दिव्यांबरोबर खोड्याही आल्या. कुंपणाची फाटके उचलून नेणे, दुकानांच्या काचांना साबण फासणे, परसातले शौचकूप आडवे पाडणे असे प्रकार त्या रात्री चालत. आपल्याकडे होळीसाठी शेजाऱ्याची लाकडे आणि गोवऱ्या पळवणाऱ्या पोरांना जशी वर्षातून एका रात्रीची मुभा असे, तशीच ही मुभा होती. मात्र वस्त्या दाट झाल्या, दुकाने आणि मोटारी वाढल्या, तसे नुकसानही वाढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक गावांत ही रात्र पोलिसांची डोकेदुखी होऊन बसली होती.

कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी एलिझाबेथ क्रेब्ज नावाच्या बाई राहत. त्यांना बागेची हौस होती आणि दरवर्षी हॅलोविनच्या धुडगुसात त्यांची फुलझाडे तुडवली जात. रागावून उपयोग नाही हे ओळखून त्यांनी पोरांना कामाला लावले. १९१४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गावात मुलांसाठी सोंगांचा कार्यक्रम झाला. नाचून-बागडून पोरे दमली, की बागा तुडवायला अंगात जोर उरणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. तो खरा ठरला असावा, कारण हायावाथात हॅलोविनची मिरवणूक आजही निघते.

मिनेसोटातील अनोका या गावाने हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवला. मिनिआपोलिसच्या उत्तरेला मिसिसिपी आणि रम नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. एका हॅलोविननंतरच्या सकाळी मुख्य रस्त्यावर मोकळ्या सोडलेल्या गाई हिंडताना दिसल्या, अशी तिथली आठवण सांगितली जाते. १९२० मध्ये गावकऱ्यांनी समिती नेमली आणि शाळा, व्यापारी, पोलीस, अग्निशमन दल अशा सगळ्यांना तिच्यात ओढले. मिरवणूक निघाली, शेकोटी पेटली, मुलांना पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि कँडी वाटली गेली. १९३७ मध्ये हॅरोल्ड ब्लेअर हा शाळकरी मुलगा अनोकाला ‘जगाची हॅलोविन राजधानी’ म्हणावे असा मजकूर घेऊन थेट वॉशिंग्टनला गेला. दुसऱ्या महायुद्धातील १९४२ आणि १९४३ ही वर्षे सोडली तर सोहळा चालूच होता. आजही त्याची व्यवस्था स्वयंसेवक पाहतात.

दारोदार फिरून खाऊ मागण्याची पद्धत १९३०च्या दशकात पसरू लागली. तिच्या नावातच मवाळ धमकी आहे : खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. देवाणघेवाण दोन्ही बाजूंना परवडणारी होती. युद्धकाळात साखरेवर रेशन आल्याने ती थंडावली. युद्धानंतर उपनगरे वाढली, एका रांगेत सारखी घरे उभी राहिली आणि या प्रथेला जणू हवी तशी जमीन मिळाली. १९५०मध्ये फिलाडेल्फियातील एका पाद्री दांपत्याच्या कल्पनेतून मुले कँडीबरोबर युनिसेफसाठी सुट्टे पैसेही गोळा करू लागली. न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेजची प्रसिद्ध मिरवणूकही अशीच घरगुती निघाली. मुखवटे करणारे राल्फ ली १९७०च्या दशकात आपली मुले आणि त्यांचे सवंगडी यांना घेऊन शेजारच्या घरांवरून फिरले, आणि पुढे त्या फेरीचा अवाढव्य सार्वजनिक सोहळा झाला.

त्याच दशकात भीतीही शिरली. १९७४मध्ये टेक्सासमधील एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला सायनाइड घातलेली कँडी दिली. १९८२मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या विषारी कॅप्सूलमुळे सात जण दगावले. या प्रकरणांचा अनोळखी घरच्या खाऊशी संबंध नव्हता, तरी आईबापांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचे किंवा त्याला गंभीर इजा झाल्याचे एकही प्रकरण त्यांना खात्रीलायक आढळले नाही. खरा धोका रस्त्यावर असतो. १९७५ ते २०१६ या काळातील आकडे सांगतात, की हॅलोविनच्या संध्याकाळी वाहनाखाली सापडून पादचारी दगावण्याचा धोका आगेमागच्या आठवड्यांतील संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो सर्वाधिक असतो. २००७पासून घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत लांबली. त्यामुळे त्या संध्याकाळी उजेड तासभर अधिक टिकतो. या बदलाचा आग्रह कँडी उत्पादकांनीही धरला होता, हे ओघाने सांगायला हवे.

‘ट्रंक ऑर ट्रीट’ हा प्रकार या धास्तीतूनच आला. चर्च, शाळा किंवा वाचनालयाच्या पार्किंगमध्ये स्वयंसेवक आपापल्या गाड्या ओळीने लावतात आणि डिक्या सजवतात. एका डिकीत कोळ्याचे जाळे आणि थर्मोकोलच्या कबरी, दुसरीत समुद्रचाच्यांचे जहाज, तिसरीत शार्कचा उघडा जबडा. गाड्यांची इंजिने बंद असतात आणि आत येणारा रस्ता अडवलेला असतो. मुले एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक डिकीपाशी पिशवी पुढे करतात. तासा-दीड तासात सगळे उरकते. जिथे घरे लांब लांब आहेत, फुटपाथ नाहीत किंवा पोरे अगदी लहान आहेत, तिथे ही सोय मोलाची ठरते. तिच्यावर टीकाही होते आणि ती रास्तच आहे. अंधारात अनोळखी पोर्चची पायरी चढताना होणारी धाकधूक पार्किंगमध्ये कुठून येणार?

ज्या गल्ल्या जुनीच रीत पाळतात, तिथेही बरीच आखणी लागते. रस्ता बंद करायचा तर नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. अडथळ्याचे खांब आणायचे, चौकात उभे राहायला माणसे नेमायची, सफरचंदाची गरम सायडर आणि डोनटचे टेबल कोणाच्या ड्राइव्हवेवर लावायचे ते ठरवायचे, हे सगळे वर्गणी आणि हक्काची माणसे यांवरच चालते. नियम मात्र लिहावे लागत नाहीत. पोर्चचा दिवा लागलेला असेल तर दार वाजवावे, विझलेला असेल तर पुढे जावे, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. काही दारांत निळसर-हिरव्या रंगाचा भोपळाही दिसतो. इथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी पेन्सिली किंवा छोटी खेळणी मिळतील, अशी ती खूण आहे. २०१२मध्ये टेनेसीतील एका स्थानिक गटाने ती सुरू केली आणि दोनच वर्षांत ती देशभर पोहोचली.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत हा सण मुलांच्या शाळेतून आला. दिवाळीही याच सुमाराला येत असल्याने दोन्ही तयाऱ्या एकाच वेळी चालतात. २०२४मध्ये तर लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकमेकांना चिकटूनच आले होते. अशा वर्षी पोर्चवर कोरलेला भोपळा आणि आकाशकंदील शेजारी शेजारी दिसतात.

हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांना निस्तरावे लागते ते कँडीचे ओझे आणि भोपळ्यांचा ढीग. काही दंतवैद्य मुलांकडून कँडी वजनावर विकत घेतात आणि परदेशी तैनात सैनिकांकडे पाठवतात. भोपळ्यांसाठी काही गावांत नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आणखी एक छोटा कार्यक्रम होतो. मुले ते उंचावरून आपटून फोडतात आणि तुकडे खतासाठी जातात.