आधी रस्ता बंद करा
सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने वेळेत पुरी करणारे पहिले दोन भारतीय २०१७ साली एकाच शर्यतीत उतरले होते, आणि त्यातले एक, डॉ. अमित समर्थ, आपल्या नागपूरचे. त्याआधी दोन वर्षं नाशिकच्या महाजन बंधूंनी हीच शर्यत जोडीने पार केली होती. दम, जिद्द, सरावाची शिस्त, पदरचा पैसा, कशातच आपण कमी नाही. तरीही ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये भारतीय सायकलपटू शेवटचा दिसला तो १९६४ च्या टोकियोत. राष्ट्रीय रोड अजिंक्यपद स्पर्धा होतात, पदकं वाटली जातात, पण विजेत्याचं नाव देशाबाहेर पोचत नाही. माझ्या मते गोम सायकलपटूत नाही, रस्त्यात आहे.

लांब पल्ल्याची अमेरिकेतली ती शर्यत वाहत्या रहदारीतच होते, आणि एकट्याने धावणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवण्याची त्यात मुभा नसते. तिचा बराचसा सराव म्हणूनच नागपूरच्या वर्धा रोडवर एकट्याने करता येतो. रोड रेसचं गणित निराळं. तिथे शंभर-दीडशे जण घोळक्याने पळतात. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून राहिलं तर वाऱ्याशी झुंजण्याचे कष्ट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाचतात, आणि ते वाचवलेलं बळ शेवटच्या चढावर किंवा स्प्रिंटमध्ये खर्चायचं असतं. कोण कधी सुटला, त्याच्यामागे जायचं की नाही, कोपऱ्यात आत शिरायचं की बाहेरून, हे सगळं घोळक्यातच शिकावं लागतं. ट्रक शेजारून जात असताना असा घोळका बांधणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथल्या मनीषनगर वस्तीतल्या सायकलस्वाराला मिळतो तो वर्धा रोड कसा आहे पाहा: वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, तळाला जुना रस्ता आणि त्यावर सिग्नल, ऑटो, बस. असला रस्ता चिवट स्वार घडवील, रेसर नाही.

आता स्पर्धेचा इतिहास पाहा. देशातली सायकल संघटना १९४६ ची. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या संघात जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज अशा पारशी सायकलपटूंचा भरणा होता. १९६४ पर्यंत अमर सिंग, सुच्चा सिंग अशी पंजाबी नावं पुढे आली होती. पुढे सेनादल आणि रेल्वेचा वरचष्मा झाला. यावर कुणी म्हणेल, मग खरं कारण नोकरी! बरोबर, पगार मिळाला की माणूस दिवसभर सराव करू शकतो. पण पगार घोळका देत नाही. घोळका शर्यतींच्या कॅलेंडरमधूनच मिळतो. महागड्या सायकलीचा मुद्दाही अर्धाच खरा, कारण लाखाच्या सायकली घेऊन सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला गाठण्याच्या सायकलफेरीला, निघणारे आपल्याकडे थोडे नाहीत. शर्यत काय करू शकते ते पाहा: मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळायचा. त्या एका शर्यतीने जेवढं सायकलवेड पेरलं, तेवढं कुठल्याही योजनेने पेरलं नसेल.

रस्ता बंद केला की लोकांचे हाल होतात, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दवाखान्यात निघालेल्याला शर्यतीचं काय? पण मिरवणुका, मॅरेथॉन, मंत्र्यांचे ताफे यांसाठी आपण रस्ते अडवतोच, आणि तेही भर दिवसा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली, म्हणजे पोलिस आणि प्रशासनाने मनावर घेतलं तर जमतं. फक्त पाहुण्यांसाठी वर्षातून एकदा जमून भागणार नाही. समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद, त्याची आशा सोडा. मिहान या औद्योगिक क्षेत्रातले रुंद रस्ते मनीषनगरपासून फार लांब नाहीत, आणि रविवारी पहाटे तिथे वर्दळ तुरळक असते. विदर्भाचं ऊन पाहता ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम. त्या पाच महिन्यांत महिन्यातून एक रविवार, पहाटेचे दोन तास, महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी ते रस्ते सायकल शर्यतीसाठी राखून द्यावेत.